पण नेमकं कसं? मॅक्सवेलबद्दल आमच्या गावाला पडलेले प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी ३१ वर्षं विज्ञान आणि गणित शिकवलं. निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत मुलांना घेऊन बसते. यंदा आम्ही अख्खा हिवाळा एकाच माणसावर घालवला: जेम्स क्लार्क मॅक्सवेल. मुलांनी प्रश्न विचारले, मग त्यांच्या आईबापांनी विचारले, पुढे पुढे तर चहाच्या टपरीवर थांबवून लोक विचारू लागले. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. प्रश्न जसे आले तसे, वऱ्हाडीतच ठेवले आहेत. मुलं मॅक्सवेलला एकेरीत बोलतात, घरच्या माणसाला बोलावं तसं. मीही तेच ठेवलं.

मॅडम, हा माणूस होता तरी कोण?

स्कॉटलंडचा भौतिकशास्त्रज्ञ आणि गणितज्ञ. जन्म १३ जून १८३१, एडिंबरा शहरात. मृत्यू ५ नोव्हेंबर १८७९, केंब्रिजमध्ये. उणंपुरं ४८ वर्षांचं आयुष्य. वीज, चुंबक आणि प्रकाश या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत, त्यांचं मूळ एकच आहे, हे त्यानं गणितानं दाखवलं. तुमचा रेडिओ, मोबाइल, छपरावरची डिश, दवाखान्यातला एक्स-रे, या सगळ्यांमागचे नियम त्याच्या समीकरणांत आहेत.

न्यूटन माहीत, आइन्स्टाईन माहीत, मग हाच काऊन माहीत नाही?

त्याच्या नावाला सफरचंदासारखी गोष्ट चिकटलेली नाही, आणि त्यानं शोधलेली लाट डोळ्यांना दिसत नाही. शिवाय तो गेला तेव्हा त्याचं सगळ्यात मोठं भाकीत कागदावरच होतं. जर्मनीत हाइनरिख हर्ट्झनं १८८७-८८ मध्ये ठिणग्यांच्या प्रयोगातून त्या लाटा प्रत्यक्ष पकडल्या. तोवर मॅक्सवेलला जाऊन आठ वर्षं झाली होती. पण जाणकार त्याला विसरले नाहीत. आइन्स्टाईनच्या अभ्यासिकेत न्यूटन आणि फॅराडे यांच्याबरोबर त्याची तसबीर असायची.

खेड्यातला होता म्हनता, खरं हाये का?

जन्म शहरातला, पण वाढला तो ग्लेनलेअर या शेतीवाडीत, एडिंबऱ्यापासून घोडागाडीनं दोन दिवसांच्या वाटेवर. ओढा, गुरं, चिखल, कुत्री, सगळं होतं. तो तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा घरातली कुलपं, किल्ल्या आणि नोकरांना बोलवायच्या घंट्यांच्या तारा कुठून कुठं जातात ते शोधत फिरायचा. दिसेल त्या वस्तूबद्दल विचारायचा, "हे चालतं कसं?" मोठ्यांनी काहीतरी सांगून वाटेला लावलं, तर पुन्हा विचारायचा, "पण नेमकं कसं?"

आमच्या वर्गाच्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात आता हेच तीन शब्द कायमचे लिहिले आहेत. शिक्षक म्हणून मला त्याच्या सगळ्या समीकरणांपेक्षाही हा दुसरा प्रश्न मोठा वाटतो. पहिला प्रश्न सगळीच मुलं विचारतात. दुसरा विचारू द्यायचा की नाही हे आपल्या हातात असतं.

एक मात्र स्पष्ट सांगते. ही गरिबीतून वर आलेल्या मुलाची गोष्ट नाही. त्याचे वडील शेकडो एकर जमिनीचे मालक होते. दुःख मात्र त्याच्या वाट्याला लवकर आलं. तो आठ वर्षांचा असताना आई पोटाच्या कर्करोगानं गेली, आणि चाळीस वर्षांनी तोही त्याच आजारानं गेला.

आमची पोरगी पुन्याले शिकाले गेली. तिच्या बोलन्यावर पोरी हासतात. तुमच्या मॅक्सवेलले कोनी हासलं का?

हो ताई, हासले. दहाव्या वर्षी त्याला एडिंबऱ्याच्या मोठ्या शाळेत घातलं. अंगावर वडिलांनी आखून शिवून घेतलेला जाड कापडाचा अंगरखा, पायात चौकोनी टोकाचे बूट, आणि तोंडी गावाकडची बोली. पहिल्या दिवशी तो घरी आला तो कपडे फाटलेल्या अवस्थेत. पोरांनी त्याचं नाव ठेवलं 'डॅफ्टी', म्हणजे आपल्याकडे 'येडपट' म्हणतात तसं.

त्याच शाळेत असताना, १४ व्या वर्षी, त्यानं दोन टाचण्या आणि दोरा घेऊन वेगवेगळी अंडाकृती वळणं काढायची एक रीत शोधली. दोन खिळे ठोका, सैल दोरा बांधा, पेन्सिलीनं दोरा ताणून फिरवा, लंबवर्तुळ मिळतं. एवढं आपल्या पुस्तकातही आहे. त्यानं एका खिळ्याभोवती दोरा जास्त वेळा घेतला आणि पाहिलं की आकार कसा बदलतो, मग त्याचं गणित मांडलं. अशा वळणांवर आधी देकार्त या फ्रेंच गणितज्ञानं काम केलं होतं, पण या पोराची रीत सोपी होती. एप्रिल १८४६ मध्ये तो निबंध एडिंबऱ्याच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. वाचला प्राध्यापक फोर्ब्ज यांनी, कारण लेखक सभेपुढे उभा राहायला फार लहान होता.

आम्ही हाच प्रयोग शाळेच्या अंगणात सुतळीनं केला. आणि ताई, त्याच्या बोलण्यातला गावाकडचा हेल शेवटपर्यंत राहिला. पुढे तो केंब्रिजला प्राध्यापक झाला तरी. तुमच्या लेकीला हे जरूर सांगा.

वीज, चुंबक अन् उजेड एकच, हे कसं काय? मोटारीवाल्या मानसाले समजन असं सांगा.

हा प्रश्न एका शेतकरी भाऊंनी विचारला, वावरात, त्यांच्या पंपाची पेटी दुरुस्तीला उघडलेली असताना. म्हणून उत्तरही त्या पेटीतूनच देते.

सिंगल फेजच्या पेटीत कंडेन्सर असतो. तो गेला की मोटार नुसती घूं घूं करते, फिरत नाही. हे इथं लहान पोरालाही माहीत आहे. आता त्या कंडेन्सरच्या आत काय असतं? धातूचे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये वीज जाऊ न देणारा पदार्थ. म्हणजे तार तिथं तुटलेलीच आहे. तरी त्या वाटेनं मोटारीला बळ मिळतं. नेमकं कसं?

थोडं मागं जाऊ. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडला दिसलं की तारेतून वीज वाहिली की शेजारची होकायंत्राची सुई हलते. १८३१ मध्ये, म्हणजे मॅक्सवेल जन्मला त्याच वर्षी, लंडनमध्ये मायकेल फॅराडेनं उलट बाजू दाखवली: चुंबक बदलतं ठेवलं की तारेत वीज उठते. गावाच्या डीपीतला ट्रान्सफॉर्मर याच नियमावर चालतो. फॅराडे लोहाराचा मुलगा. पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी करत शिकला, गणित त्याला येत नव्हतं. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस ज्या रेषांनी बसतो, त्या रेषा म्हणजे मोकळ्या जागेत भरलेलं खरंखुरं बळ आहे, असं तो म्हणायचा. बहुतेक गणितज्ञांनी ते बाजूला ठेवलं.

मॅक्सवेलनं ठेवलं नाही. २४ व्या वर्षी त्यानं फॅराडेच्या रेषांवर निबंध वाचला आणि त्या चित्राला गणित दिलं. १८५७ मध्ये साठी उलटलेल्या फॅराडेनं या तरुणाला पत्र लिहून विचारलं, की गणितज्ञ आपले निष्कर्ष रोजच्या भाषेतही का मांडत नाहीत, म्हणजे आम्हाला त्यावर प्रयोग करता येतील. ते पत्र मी मुलांना दरवर्षी समजावून सांगते. एवढा मोठा माणूस, आणि मला गणित कळत नाही हे सांगायला त्याला संकोच वाटला नाही.

आता परत कंडेन्सर. वीज वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. मग तार जिथं तुटते, त्या दोन थरांमधल्या जागेभोवती ते अचानक नाहीसं होतं का? जुना नियम इथं अडखळायचा. गणित एका रीतीनं मांडलं तर एक उत्तर, दुसऱ्या रीतीनं मांडलं तर दुसरंच. मॅक्सवेलनं तिथं एक पद वाढवलं. त्याचं म्हणणं असं: मधल्या जागेतून वीज वाहत नाही हे खरं, पण तिथलं विद्युतक्षेत्र सारखं वाढतं आणि घटतं. आपल्या लाईनवर हा खेळ सेकंदाला ५० वेळा होतो. हे बदलणंच प्रवाहासारखं काम करतं आणि तेही आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभं करतं. याला विस्थापन प्रवाह म्हणतात.

या एका पदानं सगळं जुळलं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून विद्युतक्षेत्र उठतं हे फॅराडेनं दाखवलं होतं. बदलत्या विद्युतक्षेत्रातून चुंबकीय क्षेत्र उठतं हे मॅक्सवेलनं सांगितलं. एक दुसऱ्याला उठवतं, दुसरं पहिल्याला, आणि ही जोडी पुढे पुढे सरकत जाते. मग तारेची गरजच उरत नाही. मोकळ्या आकाशातून लाट निघते.

(पेटी कोणीही उघडून बघू नका. लाईन गेलेली असली तरी कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असते.)

बरं, लाट निघाली. पन ते म्हंजे उजेडच, हे त्याले कसं समजलं?

वेगावरून. १८६१ चा उन्हाळा त्यानं ग्लेनलेअरला काढला. तिथं त्यानं सूत्रं मांडली, आणि त्यातून अशा लाटेचा वेग काढता येतो हे त्याला दिसलं. पण त्यासाठी वीज आणि चुंबक यांचं नातं सांगणारा एक मोजलेला आकडा लागत होता. तो जर्मनीतल्या वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ मध्ये प्रयोगानं काढलेला होता, आणि तो गावात हाताशी नव्हता. शरद ऋतूत लंडनला परतल्यावर त्यानं तो आकडा सूत्रात घातला. उत्तर आलं सेकंदाला ३,१०,७४० किलोमीटर. फ्रान्सच्या फिझोनं १८४९ मध्ये दातेरी चाक फिरवून प्रकाशाचा वेग मोजला होता, तो होता ३,१४,८५८. ऑक्टोबरमध्ये त्यानं फॅराडेला पत्र लिहिलं आणि त्यात मुद्दाम सांगितलं की सूत्रं मी गावी असताना, हा आकडा बघण्याआधी काढली होती.

हे सांगताना दरवेळी माझ्या अंगावर काटा येतो. एका बाजूला बाटल्यांत साठवलेली वीज आणि चुंबकाच्या सुया, दुसऱ्या बाजूला आरसा आणि दिवा. दोन्हीकडून जवळजवळ तोच आकडा. आज आपण २,९९,७९२ म्हणतो.

समीकरणं चार हायेत का वीस?

१८६५ च्या निबंधात २० होती. आज पुस्तकात असतात ती चार, ऑलिव्हर हेविसाइडनं १८८० च्या दशकात आटोपशीर केलेली. हेविसाइड सोळाव्या वर्षी शाळा सोडलेला, तार कंपनीत काम केलेला माणूस, बाकीचं स्वतःच शिकला.

रेडिओची लाट केवढी असते? दिसत तं नाही.

मोजता येते. आकाशवाणीचं नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर लागतं, म्हणजे सेकंदाला ५,८५,००० लाटा. तेवढ्या वेळात लाट ३,००,००० किलोमीटर जाते. भागाकार करा, एका लाटेची लांबी येते सुमारे ५१३ मीटर. आमच्या मुलांनी ही लांबी टेपनं मोजत रस्त्यावर आखली, शाळेच्या फाटकापासून पार नाल्याच्या पुलापर्यंत. कॅलक्युलेटर नव्हता, भागाकार पाटीवर केला.

मृगाच्या आधी आभाळ भरलं की हाच रेडिओ खरखरतो. वीज चमकते त्याच क्षणी खरखर येते, गडगडाट मागून. चमक आणि खरखर एकाच जातीच्या लाटा आहेत, एकाच वेगाच्या. आवाज बिचारा किलोमीटरला तीन सेकंद घेतो. असं आभाळ दिसलं तर झाडाखाली थांबू नका, वावरातून आधी पक्क्या घरात या.

त्यानं शनीचं काय केलं म्हनता? आमाले तं साडेसातीच माहीत.

साडेसातीबद्दल मी कुणाचं मन दुखवणार नाही. शनीभोवती कडी आहेत, ती गॅलिलिओच्या काळापासून लोक दुर्बिणीतून बघत होते. ती कशाची आहेत हे कोणाला सांगता येत नव्हतं. केंब्रिजनं हा प्रश्न ॲडम्स पारितोषिकासाठी ठेवला आणि मॅक्सवेलनं त्यावर काही वर्षं घालवली. कडं अखंड घट्ट असेल तर टिकणार नाही, पातळ द्रवाचं असेल तर लाटांनी फुटेल. उरतं एकच: असंख्य सुटे तुकडे, प्रत्येक आपापल्या वाटेनं फिरणारा. पारितोषिक त्याला १८५७ चं मिळालं.

आमच्या एका आजोबांना मी हे खळ्यावरून समजावलं. पात हाकताना सगळे बैल एका दावणीला असतात, म्हणून मेढीजवळचा बैल हळू चालतो आणि कडेच्याला धावावं लागतं. घट्ट कडं तसंच फिरलं असतं. शनीजवळ उलटं आहे. आतले तुकडे वेगात, बाहेरचे हळू. म्हणजे दावं नाहीच, सगळे मोकळे. १८९५ मध्ये अमेरिकेच्या जेम्स कीलरनं प्रकाशाच्या पृथक्करणातून हे मोजून दाखवलं. आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग ते पडत काऊन नाहीत?" त्यावर पुढचे दोन शनिवार गेले.

रंगीत फोटो त्यानंच पयला काढला का?

तीन रंगांची रीत त्याची. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यानं रंगीत पट्ट्यांच्या फितीचं चित्र पडद्यावर दाखवलं. छायाचित्रकार टॉमस सटन यांनी एकाच फितीचे तीन फोटो काढले होते, तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून. तीन दिव्यांनी, त्याच गाळण्या लावून, ते एकावर एक टाकले. मोबाइलच्या पडद्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा आणि पांढरा भाग बघा. तेच तीन रंग दिसतील.

माठातलं पानी थंड काऊन होते, हेई त्यानंच सांगितलं का?

पूर्ण त्यानंच नाही, पण त्याच्याशिवाय नीट सांगता येत नाही. हवेतले किंवा पाण्यातले सगळे रेणू एकाच वेगानं धावत नाहीत. काही मंद, बरेचसे मधले, थोडे फार वेगवान. वायूंसाठी ही वाटणी कशी असते याचा नियम त्यानं १८६० मध्ये दिला. बाजाराचा एक भाव न सांगता कोणत्या भावाला किती माल गेला हे सांगावं, तसं. भौतिकशास्त्रात शक्यतांचं गणित अशा रीतीनं नियम म्हणून आलं ते तिथून. माठाच्या छिद्रांतून जे रेणू उडून जातात ते वेगवान असतात, मागे मंद उरतात, म्हणून पाणी गार. वैशाखात आपल्या दारातला कूलरही तेच करतो.

त्याची बायको काय करे?

मुलींनी हा प्रश्न विचारला आणि मला बरं वाटलं. कॅथरीन डेवर. लग्न १८५८ मध्ये, ॲबरडीनला. लंडनच्या घरी वायूंच्या चिकटपणाचे प्रयोग चालायचे तेव्हा ती बरोबरीनं काम करायची. खोलीचं तापमान ठरावीक राखायला शेगडी सांभाळणं आणि नोंदी घेणं, हे तिचंच. रंगांच्या प्रयोगांतही तिच्या डोळ्यांनी घेतलेल्या नोंदी आहेत. निबंधावर नाव मात्र त्याचंच. त्यांना मूल नव्हतं.

त्याची नौकरी गेली होती म्हनते पोरगा. एवढ्या हुशार मानसाची?

गेली. १८६० मध्ये ॲबरडीनची दोन महाविद्यालयं एक झाली, एका विषयाला एकच प्राध्यापक ठेवायचा ठरला आणि हा बाहेर पडला. मग एडिंबऱ्याच्या जागेसाठी अर्ज केला, ती त्याचा शाळासोबती टेटला मिळाली. त्याच वर्षी त्याला देवी आल्या. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजनं घेतलं आणि तिथल्या पाच वर्षांत त्याचं सर्वांत मोठं काम झालं. भरती निघत नाही म्हणून घरी बसलेल्या आमच्या डीएड, बीएडच्या पोरापोरींना मी हे मुद्दाम ऐकवते.

१८६५ मध्ये त्यानं लंडन सोडलं आणि गावी येऊन शेतीवाडी बघू लागला. वीज आणि चुंबकावरचा त्याचा दोन खंडांचा ग्रंथ बहुतांशी तिथं लिहिला गेला, १८७३ मध्ये छापला गेला. केंब्रिजनं मात्र १८७१ मध्ये त्याला नव्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचा पहिला प्राध्यापक म्हणून बोलावून घेतलं.

देव माने का?

मानत होता, मनापासून. रोजची प्रार्थना घरात होती.

नोबेल भेटलं का?

नाही. ते १९०१ ला सुरू झालं.

आपल्या देशाचा काही संबंध?

आहे, आणि अभिमान वाटावा असा. मॅक्सवेलनंतर कॅव्हेंडिशला लॉर्ड रॅले आले. त्यांच्याकडे केंब्रिजमध्ये शिकलेले जगदीशचंद्र बोस कोलकात्याला परतले आणि १८९५ मध्ये त्यांनी लोकांसमोर या लाटांनी, मध्ये तार नसताना, लांबची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. त्यांनी काही मिलिमीटर लांबीच्या लाटा तयार केल्या. नागपूरची लाट अर्धा किलोमीटर, बोस यांची तांदळाच्या दाण्याएवढी. समीकरणं तीच.

हे सारं शिकून पोराले काय कामी येईन?

विचारणारे भाऊ जुन्या ऑइल इंजिनाचे मिस्त्री. मी त्यांना विचारलं, इंजिन जास्त पळू लागलं की कोण आवरतं? "गव्हर्नर," ते म्हणाले. वेग वाढला की फिरणारी वजनं बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी होतं. मॅक्सवेलनं १८६८ मध्ये याच गव्हर्नरवर निबंध लिहिला: कधी वेग स्थिरावतो आणि कधी इंजिन सारखं कमीजास्त होत राहतं, याची अट काढली. आजची स्वयंचलित यंत्रं सांभाळणारं शास्त्र तिथून उगवलं. ते म्हणाले, "स्प्रिंग ढिली झाली का इंजिन झुलते, तेच नं?" तेच. पुढच्या शनिवारी ते स्वतः गव्हर्नर घेऊन वर्गात आले आणि अर्धा तास त्यांनीच शिकवलं. त्यांचा मुलगा पहिल्या रांगेत बसला होता.

पोराले पाठवाचं हाये. सोबत काय आनाचं?

बंद पडलेला रेडिओ, जुन्या स्पीकरचं चुंबक, रिवायंडिंगच्या दुकानातून टाकून दिलेली तांब्याची तार, असेल ते. टॉर्चचे दोन सेल. लोखंडाचा कीस आम्ही लोहाराकडून आणून ठेवला आहे. फी नाही, वयाची अट नाही, दहावी नापास चालेल. नागपूरला जाणं होत असेल तर गांधीसागर तलावाजवळचं रमण विज्ञान केंद्र मुलाला दाखवून आणा आणि त्याला तिथं घाई करू नका. आमचा वर्ग शनिवारी सहा वाजता बसतो. लाईन नसली तर कंदील लावतो.